म्हातारं कुत्रं खवट होतं म्हणे!

आमच्या बारा वर्षांच्या मोतीला येणारा-जाणारा "म्हातारा खवट झालाय" म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही. तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले, डोळ्यांत निळसर झाक आली, ते वयानुसार होतंच. (नाव मोती असलं तरी ती झाक म्हणजे मोतीबिंदूच असं नाही हं. नुसत्या झाकेतून कुत्र्याला बऱ्यापैकी दिसतं.) पण जिना टाळणं, पाठीवर हात ठेवताच गुरगुरणं? त्यामागे बऱ्याचदा सांध्यांचं दुखणं असतं, आणि त्यावर औषधं आहेत. रात्रभर घरात भटकणं, कोपऱ्यात अडकून उभं राहणं, यामागे माणसांतल्या स्मृतिभ्रंशासारखा आजार असू शकतो. स्वभावाला नावं ठेवण्याआधी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या की! आपली ब्रुफेन मात्र चुकूनही देऊ नका. तिने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात.