गरम झाली की बंद पडणारी जुनी गाडी: आधी तपासणीचे पैसे घ्या, मग पार्ट बदला



आजचा लेख खास त्यांच्यासाठी, ज्यांना गावात किंवा हायवेच्या आसपास स्वतःचं छोटं गॅरेज टाकायचंय.

समजा, तुमचं गॅरेज भोंगवलीत आहे. भोर तालुक्यातलं गाव, पुणे-सातारा महामार्ग जवळ. मे महिना, दुपारचे दोन. एक जण जुनी मारुती ८०० घेऊन येतो आणि म्हणतो, "सकाळी एकदम मस्त चालते ओ. दुपारी ऊन तापलं की मध्येच बंद पडते. वीस मिनिटं उभी केली की परत चालू." आणि गंमत म्हणजे तुमच्या दारात गाडी अगदी व्यवस्थित चालू असते!

अशा वेळी बऱ्याच गॅरेजमध्ये काय होतं? आधी प्लग बदलतात. आठवड्याने गाडी परत येते, मग कॉइल. पुन्हा आली की पेट्रोल पंप. ग्राहकाचे चार-पाच हजार जातात आणि गाडी ऐन खंबाटकीच्या चढाला बंद पडते. तिथे हा नुसता वैताग राहत नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन वेळा पॅडल दाबेपर्यंतच टिकते, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. मागे ट्रक, शेजारी बायको-मुलं. म्हणजे तुमचा अंदाज चुकला तर धोका ग्राहकाला आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: अशा गाडीचं पहिलं बिल तपासणीचं असलं पाहिजे. दोष सापडेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही.

आधी विचारा, मग पाना उचला

वहीत पाच प्रश्न लिहून ठेवा. किती वेळ चालल्यावर बंद पडते? झटक्यात पडते की गचके देत? टाकीत पेट्रोल किती असतं? एसी चालू असतो का? किती वेळाने परत सुरू होते? टेम्परेचरचा काटा वर जातो का, हेही विचारा. जात असेल तर आजार वेगळा आहे. आधी रेडिएटर, फॅन, थर्मोस्टॅट बघा आणि गरम रेडिएटरचं झाकण चुकूनही उघडू नका.

काटा जागेवर आहे आणि तरी गाडी बंद पडते, तर स्पार्क जातोय की पेट्रोल, एवढंच शोधायचंय. झटक्यात बंद पडली आणि चाकं फिरत असतानाच आरपीएमचा काटा शून्यावर आला, तर संशय इलेक्ट्रिकवर घ्या. गचके देत, दम तोडत बंद पडली, तर पेट्रोलवर. हा पक्का पुरावा नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

दोष तुमच्यासमोर आला पाहिजे

थंड गाडीत हा दोष सापडत नाही. गाडी दुपारी उन्हात लावा, बॉनेट बंद ठेवा, एसी असेल तर चालू करा आणि इंजिन आयडलवर सोडा. बंद पडली की लगेच, थंड व्हायच्या आत, तपासणी करायची. स्पार्क टेस्टर, मल्टिमीटर आणि फ्युएल प्रेशर गेज आधीच हाताशी ठेवा.

स्पार्क नसेल तर क्रँक सेन्सर, कॉइल आणि इग्निशन मॉड्यूल बघा. बऱ्याच गाड्यांच्या क्रँक सेन्सरमध्ये तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. तार आतून तुटलेली असली तर गरम झाल्यावर तिची टोकं सुटतात आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकतात. म्हणून असा सेन्सर थंड असताना आणि गरम असताना, दोन्ही वेळा मीटरने मोजा. त्यावर थंड पाणी शिंपडल्यावर गाडी सुरू झाली, तर चोर जवळपास सापडला.

पेट्रोल येत नसेल तर इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर टाकीतल्या पंपाचा दोन सेकंद आवाज येतो का ऐका आणि प्रेशर मोजा. हा पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. टाकी कायम रिझर्ववर ठेवणाऱ्यांचा पंप जास्त तापतो. पंपाचा रिलेही विसरू नका, जुन्या रिलेतला सोल्डर तडकलेला असतो. टाकीचं झाकण उघडल्यावर 'फस्स' आवाज येऊन गाडी सुरू झाली, तर झाकणाची हवा तुंबलीय. असा दोष फुकटात सापडतो!

कार्ब्युरेटरच्या गाडीत व्हेपर लॉक होतो. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. पाइपात वाफ झाली की पंप पेट्रोल ओढू शकत नाही. जुने पद्मिनी टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी. त्या टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईचा निरोप घेतला, पण ते फडकं तुमच्या गॅरेजमध्ये आजही असू द्या. तो तात्पुरता उपाय आहे आणि तपासणीही आहे: फडक्याने गाडी सुरू झाली तर दोष वाफेचाच. मग पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला खेटून गेलाय का ते बघा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यामुळे जुने रबरी पाइपही तपासा. आणि गरम इंजिनजवळ पेट्रोल उघडं करू नका.

स्कॅनर घ्या, पण त्याच्यावरच विसंबू नका. आपल्याकडे ओबीडी सक्तीची सुरुवात २०१० मध्ये झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना साधा स्कॅनर लागतच नाही.

"नुसतं बघायचे कोण पैसे देतं?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो खोटा नाही. गावात ओळखीचा माणूस "जरा बघ की" म्हणतो आणि आपल्याला पैसे मागायला लाज वाटते. पण दुपारचे दोन तास तुम्ही त्या गाडीला दिले, तेवढ्यात दोन सर्व्हिसिंग झाल्या असत्या. तो वेळ फुकट गेला, तर पुढच्या वेळी तुम्हीही अंदाजाने पार्टच विकणार, कारण कमाई फक्त पार्टमध्ये दिसेल.

म्हणून सुरुवातीलाच सांगा: "दादा, तपासणीचे ४०० रुपये. दोष सापडला आणि काम माझ्याकडे केलंत, तर त्यातले २०० बिलातून वजा. नाही सापडला, तर २०० परत, आणि पार्ट एकही बदलणार नाही." आकडा तुमच्या भागाप्रमाणे ठरवा, पण बोर्डावर लिहा. काय तपासलं, मीटरवर किती रीडिंग आलं, ते कागदावर लिहून द्या. काढलेला जुना पार्ट ग्राहकाच्या हातात द्या. मग दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा तशीच उन्हात तापवून दाखवा, आणि मगच चावी द्या.

काही जण तपासणीची फी ऐकून निघून जातील. जाऊ द्या. त्यातले काही जण दोन-तीन पार्ट बदलून झाल्यावर तुमच्याकडेच येतील, आणि तेव्हा घासाघीस करणार नाहीत.

मित्रांनो, गावात जाहिरात बोर्डाने होत नाही, तोंडाने होते. "त्याने उगाच पार्ट बदलला नाही," हे एक वाक्य भोंगवलीतून सारोळ्यापर्यंत पोहोचलं, की तुमचा धंदा उभा राहिला समजा. गॅरेज सुरू करताना हवेतर भारी जॅक नंतर घ्या, पण चांगला मल्टिमीटर आणि प्रेशर गेज पहिल्या दिवशी घ्या. आणि तपासणीच्या फीचा बोर्ड त्याच दिवशी लावा.