आधी तांद्यू, मग उडी

बॅले म्हटलं की डोळ्यासमोर येतात त्या उड्या आणि गिरक्या. मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह यांची गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. एकाचे वडील टॅक्सीचालक, दुसऱ्याचे वेल्डर. येहुदा माओर या शिक्षकाने त्यांना मुंबईत शिकवलं, २०१७ मध्ये अमिरुद्दीनला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला आणि २०२० मध्ये यावरच सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' आला. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या उड्या. माझं मत विचाराल, तर नव्याने शिकणाऱ्याने उड्या विसराव्यात आणि बार धरून राहावं. निदान पहिलं वर्ष तरी!

बार म्हणजे साधारण कमरेच्या उंचीचा आडवा दांडा. त्यावर हात नुसता ठेवायचा, लोंबकळायचं नाही. आधी प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं. मग तांद्यू. या फ्रेंच शब्दाचा अर्थ 'ताणलेला'.

तांद्यू दिसायला एकदम फालतू. पाय जमिनीवरून सरकवत पुढे न्यायचा आणि परत आणायचा, बस्स. पण करून बघा! आधी टाच उचलते, मग चवडा, शेवटी फक्त बोटांची टोकं टेकलेली. परत येताना बरोब्बर उलटं. दोन्ही गुडघे सरळ, भार दुसऱ्या पायावर. पुढे जाताना टाच पुढे ठेवायची, परत येताना बोटं आधी मागे घ्यायची, तरच पाऊल बाहेर वळलेलं राहतं. हे वळण यायला हवं खुब्यातून. गुडघा पिळून आणलं, तर पुढे गुडघाच बोलायला लागतो.

आपल्याकडे कथकमध्ये तत्कार असाच घोटून घेतात. पण तिथे घुंगरू आहेत. पाऊल चुकलं की कानाला लगेच कळतं, कंपायलरने एरर द्यावी तसं. तांद्यूमध्ये चूक आवाजच करत नाही. कोड कंपाइल होतो, चालतोही, आणि बग सापडतो थेट उडीवरून खाली येताना, घोट्यात. म्हणून हे सावकाश करायचं आणि बघायला आरसा व शिक्षक हवा.

यावर नेहमीचं उत्तर, 'अरे, आम्हाला कुठे स्टेजवर जायचंय? आठवडाभर ऑफिस असतं, शनिवारी जरा मजा करायची.' मान्य. पण आपण हौशी आहोत हे घोट्याला कोण सांगणार? उलट पंचविशी-तिशीत सुरू करणाऱ्यालाच ही सावकाशी जास्त हवी. दोन महिन्यांत गाणं बसवून देणाऱ्या क्लासपेक्षा अर्धा तास तांद्यू करायला लावणारा शिक्षक शोधा. कंटाळा येईल, पण पाऊल सुधारेल.

आता आमच्या कळंबसारख्या गावात राहणाऱ्याने काय करायचं? क्लाससाठी आधी नेरळ गाठा, मग लोकल. रोज कोण जाणार? पण तांद्यूला खिडकीचं ग्रिल पुरतं. घरच्या लादीवर उड्या मात्र मारू नका, कडक जमिनीचा हिसका थेट सांध्यांना बसतो. आठवड्याला एकदा शिक्षकाकडून चुका काढून घ्यायच्या आणि बाकीचे दिवस तेवढ्याच सुधारायच्या.

उड्यांचं पुढच्या वर्षी बघू!