साखळी कोणत्या चाकाला?

मा. श्री. नितीन गडकरी, केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री, यांना खुले पत्र

मा. गडकरीसाहेब,


आधीच सांगतो, हे पत्र खड्ड्यांबद्दल नाही आणि टोलबद्दलही नाही. तसली पत्रे आपल्याला रोज पोत्याने येत असतील. हे पत्र दोन लोखंडी साखळ्यांबद्दल आहे. बर्फात गाडीच्या चाकांना बांधतात त्या.

दोन हिवाळ्यांपूर्वी, जानेवारीत, आम्ही चौघे पुण्याहून स्वतःच्या गाडीने मनालीला गेलो. मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको. गाडी साधी हॅचबॅक. मी तीस वर्षे कात्रज, खंबाटकी, वरंधा, ताम्हिणी या घाटांत गाडी चालवलेला माणूस, त्यातही भर पावसाळ्यात, त्यामुळे अंगात थोडी मिजास होती. मनालीत एका टपरीवाल्याने भाड्याने साखळ्या दिल्या आणि त्या बसवायला एक पोरगाही सोबत दिला. सोलंगच्या अलीकडे रस्ता पांढरा व्हायला लागला तिथे त्या पोराने पाच मिनिटांत साखळ्या मागच्या दोन चाकांना चढवल्या, पैसे घेतले आणि तो मागून आलेल्या गाडीकडे पळाला.

पुढच्याच चढावर गाडी अडली. ॲक्सिलरेटर दाबला की पुढची चाके जागच्या जागी गरागरा फिरत आणि खालचा बर्फ घासून काचेसारखा करून ठेवत. मागची दोन चाके साखळ्या घालून, सत्काराला बसवलेल्या पाहुण्यांसारखी गप्प. मेहुणा उतरून धक्का द्यायला गेला तो स्वतःच आडवा झाला. मागे हॉर्नची रांग लागली. शेवटी एक वयस्कर टॅक्सीवाला खाली उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "बाबूजी, आप की गाडी आगे से खींचती है, चेन पीछे क्यों बांधी?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. माझी गाडी कोणत्या चाकांवर चालते हे मला कागदावर माहीत होते, हाताला माहीत नव्हते. त्या पोराने सकाळपासून मागच्या चाकांवर चालणाऱ्या टॅक्सींना साखळ्या बांधल्या असणार. त्याच ओघात माझ्याही बांधल्या. आणि मला तरी कोणी शिकवले होते? लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवला होता, तेवढेच.

टॅक्सीवाल्याने ते काम माझ्याकडूनच करून घेतले. गाडीतली रबरी चटई बर्फावर टाकून गुडघे टेकायचे. साखळी आधी जमिनीवर पसरून तिचा पीळ काढायचा. चाकावरून टाकताना आडव्या कड्यांच्या आकड्यांची टोके बाहेरच्या बाजूला ठेवायची, नाहीतर तीच टोके टायर कापतात. चाकाच्या पाठीमागचा आकडा न बघता, नुसत्या चाचपणीने अडकवायचा. हातमोज्यांनी तो सापडत नाही आणि मोजे काढले की दोन मिनिटांत बोटे आपली राहत नाहीत. मग बाहेरचा ताण घट्ट करायचा, शंभरेक मीटर गाडी चालवायची, पुन्हा उतरायचे आणि पुन्हा घट्ट करायचे, कारण एवढ्यात ती हमखास ढिली झालेली असते. मला पाऊण तास लागला. तो म्हणाला, पहिल्यांदा सगळ्यांना लागतो.

साहेब, आपल्या भाषेत चिखलाला किती शब्द आहेत बघा. चिखल, राड, रेंदा, गाळ, रबरबाट. बर्फाला रोजच्या बोलण्यातला शब्द एकच. रसवंतीवर उसाच्या रसात टाकतात तोही बर्फ आणि सोलंगच्या रस्त्यावर पडतो तोही बर्फच. अनुभव नाही, म्हणून शब्द नाहीत. पण चाकाखाली येणारे बर्फ चार तऱ्हांचे असतात. नुकता पडलेला भुसभुशीत बर्फ चाकाला थोडी तरी पकड देतो. गाड्यांनी दाबून दगड केलेला कमी देतो. दुपारी वितळून झालेला लगदा स्टिअरिंग भलतीकडे ओढतो. आणि चौथा दिसतच नाही. दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी रस्त्यावरून वाहते, ऊन डोंगराआड गेले की तिथल्या तिथे गोठते आणि रस्ता नुसता ओला वाटतो. टॅक्सीवाला त्याला "शीशा" म्हणाला. आरसा म्हणा.

आपल्याला आकडे आवडतात, म्हणून एक हिशेब मांडतो. ताशी ३० किलोमीटरने चाललेली गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यापासून साधारण ५ मीटरमध्ये थांबते. सपाट रस्त्यावरच्या गोठलेल्या बर्फावर तिला सुमारे ३५ मीटर लागतात. आता त्याच बर्फाला १० मीटरला १ मीटर असा उतार द्या. गाडी थांबतच नाही. टायर आणि बर्फ यांच्यातली जी काही पकड असते, ती सगळी उतारच खाऊन टाकतो. अशा जागी ड्रायव्हरचा तीस वर्षांचा अनुभव कामाला येत नाही, उलट आडवा येतो, कारण पाय सवयीने ब्रेकवर जातो. त्यात आपल्याकडचे नेहमीचे टायर थंडीत, साधारण ७ अंशांच्या खाली, कडक होत जातात आणि होती ती पकडही कमी होते.

साखळी याच ठिकाणी काम करते. कोकणातल्या किंवा मावळातल्या भातशेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. चिखलणीला तो ट्रॅक्टरला लोखंडी पिंजरा-चाके लावतो. गुळगुळीत रबर जिथे घसरते तिथे लोखंड रुतते. आणि हीच चाके लावून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आणला की डांबर सोलून निघते, हेही त्याला ठाऊक असते. साखळीचे अगदी तसेच आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड नावाच्या माणसाने १९०४ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याआधी ड्रायव्हर चाकांना दोर गुंडाळत. त्याने दोराच्या जागी लोखंड आणले. तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही, नियमही मूठभर आहेत. इंजिनाचा जोर ज्या चाकांवर येतो त्यांना साखळी बांधायची, ती टायरवर छापलेल्या मापाचीच घ्यायची, गाडी ताशी ३०-४०च्या आत ठेवायची आणि रस्ता काळा दिसला की साखळी काढायची. न काढली तर कडी तुटते आणि फिरत्या चाकाबरोबर मडगार्ड फोडत सुटते.

आता मुद्द्यावर येतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला. ९.०२ किलोमीटर लांब, समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून उंच. तो होण्याआधी लाहौल खोरे हिवाळ्यात जगापासून तुटत असे, कारण मध्ये ३,९७८ मीटरचा रोहतांग उभा होता. तो रोहतांग दुष्ट होता, पण राखणदारही होता: नवख्याला तो हिवाळ्यात वर येऊच देत नसे. आता मनालीच्या माल रोडवर भरपेट नाश्ता करून निघालेला माणूस, वाट मोकळी असेल तर, तासाभरात पलीकडे सिस्सूला बर्फात उभा असतो. काश्मीरमध्ये जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा बोगदा सुरू झाला, झोजिलाच्या बोगद्याचे काम चालू आहे. हे बोगदे हवेतच. लाहौलमधल्या आजारी माणसाला हिवाळ्यात कुल्लूपर्यंत नेता येते, याचे मोल मला कळते. पण बोगद्याने रस्ता ज्या वेगाने वर नेला, त्या वेगाने ड्रायव्हर वर गेलेला नाही. तो अजून खंबाटकीतच आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फ पडला आणि सुमारे हजार गाड्या अडकल्या. पोलिसांनी रात्रीच्या थंडीत माणसे बाहेर काढली. बर्फ पडला की तिथले प्रशासन एक हुकूम काढते: पुढे फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्यांच्या गाड्या. गुलमर्गला तंगमर्गपासून वर जातानाही असेच असते. हुकूम योग्यच आहे, पण त्यातल्या "किंवा"वर माझा आक्षेप आहे. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला की गाडी चढते. पण थांबायला जोर नाही, पकड लागते, आणि ब्रेक प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात. आमच्या त्या जानेवारीतल्या दिवशी संध्याकाळी परतताना मी हे डोळ्यांनी पाहिले. आमच्या पुढे एक भलीमोठी फोर बाय फोर होती, साखळ्या नव्हत्या. सावलीतल्या एका वळणावर ती हळूहळू आडवी होत गेली. ब्रेकचे लाल दिवे लागलेले, चाके थांबलेली आणि गाडी चाललेली. आवाज अजिबात नाही. कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतली म्हणून वाचली. आमची गरीब गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांच्या साखळ्या खडखडवत, तिच्या बाजूने खाली आली. त्या दिवसापासून तो खडखडाट मला सनईसारखा वाटतो.

एक गाडी अडकते तेव्हा एकच गाडी अडकत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. रस्ता अडला की बर्फ काढणारे यंत्रही पुढे जाऊ शकत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी इथे बर्फ बघायला आलेल्या पर्यटकांच्या गाड्या अशाच एकामागे एक अडकल्या आणि वीसहून जास्त माणसे गाड्यांमध्येच गेली. बाहेर बर्फ साठत जातो, सायलेन्सरचे तोंड बुजते, हीटरसाठी इंजिन चालू असते आणि कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो.

इतर देशांनी यावर जे केले त्यात काही अद्भुत नाही. फ्रान्सने १ नोव्हेंबर २०२१ पासून डोंगराळ भागांसाठी नियम केला: नोव्हेंबर ते मार्च गाडीला हिवाळी टायर हवेत, नाहीतर डिकीत साखळ्या हव्यात. कॅलिफोर्नियात डोंगरातल्या महामार्गांवर बर्फाच्या मानाने तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीपर्यंत हिवाळी टायर लावलेल्या फोर बाय फोरला सूट मिळते, तिसऱ्या पायरीला कोणालाच नाही. युरोपात निळ्या गोल पाटीवर साखळी बांधलेले चाक काढलेले असते. ती पाटी दिसली की साखळी चढवायची. भाषा यायची गरज नाही.

अटल बोगदा सीमा रस्ते संघटनेने बांधला आणि ती संरक्षण खात्याकडे आहे, हे मला माहीत आहे. पण तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३ आहे आणि गाडीत काय असावे याचे नियम आपल्या मंत्रालयातून निघतात. नव्या गाडीबरोबर लाल त्रिकोण येतो तो नियमानेच ना? फास्टॅग फेब्रुवारी २०२१ मध्ये सक्तीचा झाला तेव्हाही लोक कुरकुरले होते. आज कोणाला त्याची आठवणही नाही.

म्हणून मागणे असे. सगळ्या देशावर साखळी लादू नका. नागपूरच्या माणसाने ती घेऊन काय करायचे? पण बर्फाच्या ठरावीक महामार्गांवर, ठरावीक महिन्यांत, मापाच्या साखळ्या डिकीत असल्याशिवाय गाडी पुढे सोडू नये, मग ती फोर बाय फोर का असेना. विकणाऱ्याने आणि भाड्याने देणाऱ्याने टायरचा आकडा बघितल्याशिवाय साखळी देऊ नये. "सब गाडी में लगता है" हे वाक्य मी तीन दुकानांत ऐकले. लायसन्ससाठी जी प्रश्नपेढी आहे तिच्यात चार प्रश्न बर्फाचे टाका, त्यातला पहिला माझ्या शीर्षकातलाच.

आणि सगळ्यात आधी जागा द्या. हे बारीक वाटेल, पण सगळे घोडे इथेच पेंड खाते. साखळी बांधायला आणि काढायला गाडी रस्त्यातून बाजूला घ्यावी लागते. अटल बोगद्याचेच बघा. एका बाजूला बर्फ, मध्ये नऊ किलोमीटर कोरडा रस्ता, पलीकडे पुन्हा बर्फ. साखळी ठेवून बोगद्यातून गेलो तर ताशी ३०ने अठरा मिनिटे लागतात. मागे गाड्या तुंबतात, रस्ताही खरवडतो. काढायची तर बोगद्याच्या तोंडाशी थांबता येत नाही, आणि थांबू देऊही नये. दोन्ही बाजूंना, तोंडापासून सुरक्षित अंतरावर, दिवे असलेली, छप्पर असलेली, वीस-पंचवीस गाड्या मावतील अशी जागा हवी. तिथे निळी पाटी हवी आणि पाटीखाली एक चित्र: पुढची चाके ओढणारी गाडी कशी ओळखायची, मागची ढकलणारी कशी. येत्या नोव्हेंबरच्या आत एका बाजूचे तरी काम करून दाखवा. एवढे बोगदे झाले, त्यापुढे ही शेडच आहे.

कळावे,
आपला,
पुण्यातला एक वाहनचालक

ता. क. : परत आल्यावर मी मापाच्या साखळ्या विकत घेतल्या आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कोरड्या फरशीवर, बांधायचा सराव केला. आता अकरा मिनिटे लागतात. परवा शेजारी मनालीला निघाले म्हणून त्या मागायला आले होते. त्यांच्या टायरवर २३५चा आकडा आहे, माझ्या साखळ्या १९५च्या. दिल्या नाहीत. रागावले आहेत.