पुनर्लेखनाआधी प्रोफाइलर

पायथनमधली एखादी सर्व्हिस रेंगाळू लागली, की मीटिंगमध्ये पहिला प्रस्ताव येतो तो सगळं गो किंवा रस्टमध्ये नव्याने लिहून काढण्याचा. भाषाच संथ, मग दुसरं काय करणार? आम्हाला हे मान्य नाही. पुनर्लेखन हा शेवटचा उपाय आहे, आणि त्याआधीचे उपाय बहुतेक टीम करूनच पाहत नाहीत.

मुळात संथपणा येतो कुठून? दोन पूर्णांकांची बेरीज सीमध्ये प्रोसेसरच्या एका सूचनेत उरकते. पायथनला मात्र ऐन वेळी पाहावं लागतं, की समोर पूर्णांक आहेत, स्ट्रिंग आहेत की कुणी लिहिलेल्या क्लासचे ऑब्जेक्ट. मग बेरजेचं फंक्शन शोधायचं आणि उत्तरासाठी बहुधा नवा ऑब्जेक्ट घडवायचा. ६४ बिटच्या सीपायथनमध्ये १ हा आकडासुद्धा २८ बाइट अडवतो. खरा वेळ बेरजेत जात नाही, या चौकशीत जातो.

आणि ही चौकशी बरेचदा फुकटच असते, कारण कोडच्या एका जागी सहसा एकाच प्रकारची मूल्यं येत राहतात. एल. पीटर डॉयच आणि अ‍ॅलन शिफमन यांनी १९८४ मध्ये स्मॉलटॉकसाठी हे हेरलं आणि शोधाचा निकाल कॉलच्या जागीच जपून ठेवला. सेल्फ भाषेच्या संशोधकांनी ती युक्ती वाढवली. २००८ मध्ये क्रोमबरोबर आलेल्या व्ही८ने ती जावास्क्रिप्टसाठी वापरली. सीपायथनमध्ये ती पूर्ण जोमाने यायला ऑक्टोबर २०२२ ची ३.११ आवृत्ती उजाडावी लागली. तिथे बेरजेची बाइटकोड सूचना काही वेळा पूर्णांकच पाहिले, की फक्त पूर्णांकांसाठीचं रूप घेते. अंदाज चुकत गेला तर मूळ रूपावर येते. प्रमाण बेंचमार्कवर ३.१० च्या सरासरी १.२५ पट वेग, तोही कोडची एक ओळ न बदलता! तरीही ३.८ वर प्रॉडक्शन चालवणारे आहेत. त्या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्याही ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबल्या, ही खरी काळजीची गोष्ट.

आवृत्ती बदलली, की प्रोफाइलर लावा. पाय-स्पाय चालू प्रोसेसला जोडता येतो, कोडला हात लावावा लागत नाही. लूपमध्ये दर रेकॉर्डमागे एक क्वेरी, किंवा सेट हवा तिथे लाखभर नोंदींच्या लिस्टमध्ये शोध, असलं काही सापडलं तर ते रस्टमध्ये नेऊनही तसंच राहील. निव्वळ आकडेमोडच जड असेल, तर तेवढंच फंक्शन नमपाय, सायथन किंवा रस्टकडे द्या. तापलेल्या लूपमध्ये एकाच चलात कधी आकडा, कधी स्ट्रिंग ठेवू नका; इंटरप्रिटरचा अंदाज त्यानेच मोडतो.

आपली मोजमापं आमच्याकडे जरूर पाठवा. सोबत आवृत्ती आणि मशीन कळवा. पायपाय किंवा रुबीचा वायजिट वापरत असाल, तर सुरुवातीच्या फेऱ्यांचे आकडे वेगळे द्या. तेव्हा कंपायलेशन चालू असतं, आणि ते सरासरीत मिसळले तर तुलनेला अर्थ राहत नाही.