कोंबडीने काय केले होते?



२०२० सालचा फेब्रुवारी महिना जरा आठवून पाहा. हरभऱ्याची काढणी चालू होती, गहू पिवळा पडत चालला होता. करोना हा शब्द आपल्या कानावर पडला होता, पण तो चीनचा रोग होता. देशातला पहिला रुग्ण ३० जानेवारीला केरळात सापडला. आपल्या राज्यातले पहिले रुग्ण पुण्याला सापडले ते ९ मार्चला. म्हणजे मधले पाच-साडेपाच आठवडे महाराष्ट्रात या रोगाचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. आणि तेवढ्या दिवसांत त्याने गावोगावची काही घरे बुडवली. ती घरे कोंबडीवाल्यांची.

झाले ते असे. मोबाइलवर एक निरोप फिरू लागला की बॉयलर कोंबडी खाल्ल्याने करोना होतो. सोबत कसल्यातरी रोगट कोंबडीचे चित्र. तो निरोप कोणी लिहिला, ते चित्र कुठले, कधीचे, हे कोणी विचारले नाही. भावाने बहिणीला पाठवला, बहिणीने नणंदेला, नणंदेने बचत गटातल्या सगळ्यांना. प्रत्येकाने तो काळजीपोटीच पाठवला बरे का. आपले माणूस आजारी पडू नये म्हणूनच पाठवला. अफवा वाईट माणसेच पसरवतात असे नाही. पुष्कळदा मायेची माणसेच ती पसरवतात, म्हणून तर ती इतकी पळते.

आता शेडवर काय झाले त्याचा हिशेब मांडू. पाच हजार पक्ष्यांची शेड धरा. एक दिवसाचे पिल्लू आणायचे, खाली तूस अंथरायचे, दिव्यांची ऊब द्यायची, लस पाजायची. चाळीस दिवसांच्या आसपास पक्षी दोन किलोचा होतो. किलोभर वजन चढायला त्याला पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य लागते. सगळे धरून किलोमागे खर्च त्या वेळी सत्तर रुपयांच्या घरात जात होता. पाच हजार पक्षी म्हणजे दहा हजार किलो माल, म्हणजे सात लाख रुपये घातलेले. मार्चमध्ये जागेवरचा भाव दहा रुपये किलोवर आला, कुठे कुठे त्याच्याही खाली गेला. सात लाख घालून हाती एक लाख. तोही घेणारा सापडला तर.

तुम्ही म्हणाल, भाव नव्हता तर थांबायचे चार दिवस. कांदा चाळीत ठेवता येतो, सोयाबीन पोत्यात राहते. कोंबडी ठेवता येत नाही. वजन पुरे झाल्यावर ती खाते जास्त आणि वाढते कमी. पाच हजार पक्षी त्या वयात दिवसाला आठ-नऊ क्विंटल खाद्य फस्त करतात. थांबणाऱ्याचे नुकसान रोज वाढत जाते. म्हणून कोणी पक्षी गावात फुकट वाटले. बेळगाव जिल्ह्यात गोकाक तालुक्यातल्या एका पालकाने सहा हजारांच्या आसपास जिवंत पक्षी खड्ड्यात पुरले, ते चित्र तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिले असेल. पालघर जिल्ह्यातही पिल्ले आणि अंडी नष्ट करावी लागली. ज्या हातांनी रात्री उठून दिवे लावले, पाणी पाजले, त्याच हातांनी. करारावर पाळणाऱ्याचे तेवढे बरे होते, पिल्लू आणि खाद्य कंपनीचे. पण त्याच्याकडेही पुढची बॅच आली नाही. शेड रिकामी, आणि शेडच्या कर्जाचा हप्ता मात्र चालूच.

बाजारात टोपलीत वीस-पंचवीस गावरान अंडी घेऊन बसणाऱ्या बाईचेही तेच. त्या पैशावर तिचे मीठ, चहा, पोराची वही असते. ते पैसे घरच्या कर्त्याच्या हिशेबात कधी नसतात, म्हणून ते बुडाल्याची नोंद कुठेच नाही.

आणि ज्यांच्या गळ्यात माळ आहे, ज्यांनी जन्मात अंड्याला हात लावला नाही, ते तरी कुठे सुटले? कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका असतो, त्याखालोखाल सोयाबीनची पेंड. शेडी रिकाम्या झाल्या तसा मक्याचा उठाव गेला. त्या हंगामाचा मक्याचा आधारभाव क्विंटलला १,७६० रुपये होता. उन्हाळ्यात बाजारात तेवढा भावही मिळेना. ज्याने चावडीवर बसून “आपण तर बाबा कोंबडी खात नाही” असे सांगत तो निरोप दहा जणांना दाखवला असेल, त्याने आपल्याच मक्याचा भाव पाडला. हे त्याला तेव्हा कळले नाही, आणि मला वाटते अजूनही कळलेले नाही.

हा निरोप लोकांना खरा का वाटला, तेही पाहू. आपली माणसे काही भोळी नाहीत. बी-बियाण्याच्या पिशवीवरची तारीख वाचून घेणारी माणसे आहेत. पण इथे दोन गोष्टी जुळून आल्या. एक म्हणजे रोगाचे पहिले रुग्ण ज्या वूहान शहरात सापडले, तिथल्या मासळी-मटणाच्या मोठ्या बाजाराचे नाव सारखे बातम्यांत येत होते. बाजार मांसाचा, तेव्हा रोग मांसातून, असा सरळ अर्थ लोकांनी लावला. दुसरी गोष्ट आपल्या घरची. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला होता. देशातली ती पहिलीच साथ. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आणि पांढऱ्या झग्यातली माणसे कोंबड्या पोत्यात भरताहेत हे चित्र लोकांच्या डोक्यात राहिले. चौदा वर्षांनी नवा रोग आला, तेव्हा ते जुने चित्र वर आले. त्यातच मार्चमध्ये केरळात कोळिकोडकडे खराच बर्ड फ्लू निघाला. कोंबडीचा रोग कोणता आणि माणसाचा रोग कोणता, याची पार भेसळ झाली.

खरे तर दोन्ही विषाणू वेगळे, घराणेही वेगळे. करोना माणसाच्या खोकण्या-शिंकण्यातून, बोलण्यातून, बंद खोलीतल्या हवेतून दुसऱ्या माणसाला होतो. शिजवलेल्या कोंबडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच तसे कळवले होते. राज्य सरकारनेही सांगितले. हैदराबादला फेब्रुवारीअखेर तेलंगणाच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर बसून लोकांसमक्ष कोंबडी खाल्ली. तिकडे गोरखपूरला पालकांनीच मेळा भरवून तीस रुपयांत ताट वाढले. पण होळी आली, १० मार्चची धुळवड आली, आणि कोंबडीच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. मटणाला मात्र मागणी. उत्तरेत तर फणस कोंबडीपेक्षा महाग झाला म्हणतात. फणसाने कोंबडीला हरवल्याचे साल हेच.

मंत्र्यांनी खाऊन दाखवले तरी लोकांना पटले नाही, याचे मला नवल वाटत नाही. वरून आलेला हुकूम आणि शेजारणीने सांगितलेली गोष्ट यांत माणूस शेजारणीवर विश्वास ठेवतो. तालुक्याच्या पशुवैद्यकाने, गावच्या आशाताईने, शाळेतल्या गुरुजींनी चार माणसांत बसून सांगितले असते, तर अधिक उपयोग झाला असता. जिथे तसे कोणी सांगायला बसले, तिथे झालाही असेल. पण वेळ थोडा होता.

मार्च उजाडला आणि रोग खराच दारी आला. फोन लावला की पलीकडचा माणूस बोलण्याआधी खोकला ऐकू येई, आठवते ना? २२ मार्चला जनता कर्फ्यू, २४ च्या रात्रीपासून देशभर टाळेबंदी. २५ मार्चला गुढीपाडवा होता. गुढ्या उभ्या राहिल्या, पण कोणी कोणाच्या दारात गेले नाही. मुंबईत काही दिवस वर्तमानपत्रे निघेनात, कागदावरून रोग येईल ही धास्ती. भीती कोंबडीवरून कागदावर आली, आणि कागदावरून माणसावर.

गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, रस्त्यात चर खणले, पाट्या लावल्या. मुंबई-पुण्याहून पोरे पायी, सायकलवर, टेम्पोत लपून गावाकडे निघाली होती. त्यांना शाळेत नाहीतर रानातल्या वस्तीवर चौदा दिवस ठेवायचे ठरले. हे ठरवणे चूक नव्हते. वेगळे राहण्याने रोग थांबतो, हे खरेच आहे. पण कुठे त्या पोराला दोन वेळचे ताट नेऊन दिले, लांबूनच का होईना हालहवाल विचारली. आणि कुठे त्याच्या घरच्यांना दळण बंद, पाणवठा बंद, दूध बंद. नियम दोन्हीकडे एकच होता. ऊसतोड कामगारांची गोष्ट त्याहून अवघड. टाळेबंदी झाली तेव्हा एक लाखाहून अधिक माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि इतर ठिकाणच्या कारखान्यांवर, पालांमध्ये अडकून पडली. एप्रिलच्या मध्यानंतर सरकारने त्यांना तपासून घरी जायची परवानगी दिली. सहा महिने उसाच्या फडात राबून बैलगाड्या आणि लेकरे घेऊन गावाशी आलेल्या माणसांना काही ठिकाणी आपल्याच वेशीवर थांबावे लागले.

म्हातारी माणसे त्या वेळी प्लेगच्या गोष्टी काढत होती. १८९६ साली प्लेग मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात, आणि मग कितीतरी वर्षे तो गावोगाव हिंडला. तेव्हाही अफवा थोड्या नव्हत्या. इस्पितळात नेलेला माणूस मारतात अशी बोलवा उठली आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. २०२० साली मुंबईतले करोनाचे पहिले रुग्ण तिथेच ठेवले होते. पण खेड्यांनी प्लेगात एक शहाणी रीत काढली. घरात उंदीर मरून पडू लागले की सारे गाव उठून माळावर, रानात झोपड्या घालून राहायचे. उंदरांवरच्या पिसवांतून प्लेग होतो हे गावाला कोणी शिकवले नव्हते. उंदीर मेला की माणूस मरतो, एवढे डोळ्यांनी पाहिले होते. पाहून काढलेली रीत होती, म्हणून ती लागू पडली. शिवाय गाव उठायचे ते सगळे मिळून उठायचे. पाटलाची झोपडी आणि गड्याची झोपडी, दोन्ही माळावरच. २०२० साली आपण आत राहिलो आणि काहींना बाहेर ठेवले, हा त्यातला फरक.

तेव्हा भीती वाटणे चूक होते, असे मी म्हणत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या लाटेने गावागावांतली कर्ती माणसे नेली, ते पाहिल्यावर कोण तसे म्हणेल? भीती खरी होती, फक्त तिचे बोट कोंबडीकडे होते. त्या फेब्रुवारीत जे पाच-सहा आठवडे मिळाले, त्यांत हात साबणाने धुण्याची, तोंडाला रुमाल बांधण्याची, लग्नातली गर्दी टाळण्याची चर्चा घरोघर व्हायला हवी होती. चर्चा झाली ती रश्श्याची.

आता पुढचे. कोंबडीला खरा रोग येतो, तो लपवू नये. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी कोंबड्या एकाएकी मेल्या, तपासणीत बर्ड फ्लू निघाला, आणि आजूबाजूच्या कोंबड्या माराव्या लागल्या. ते योग्यच होते. शेडमध्ये वा परसात एकदम मर दिसली तर मेलेला पक्षी ओढ्यात टाकू नका, उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्याला घालू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. खाणाऱ्याने नीट शिजवून खावे. ७० अंशांच्या वर आतपर्यंत शिजल्यावर बर्ड फ्लूचा विषाणूही टिकत नाही, आणि आपला रस्सा तर खदखदा उकळतो. कच्चे मांस चिरलेल्या विळीवर लगेच कोशिंबिरीचा कांदा चिरू नका, एवढे घरच्या माउलीला सांगायचे. तिला ते ठाऊक असतेच.

आणि निरोपाचे म्हणाल, तर तो अजून फिरतोच. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात गिया बारे नावाच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशय दूषित पाण्याइतकाच कोंबडीवर घेतला गेला. तुमच्या गावात २०२० साली किती शेडी होत्या, त्यातल्या किती आज चालू आहेत, आणि ज्यांनी शेड मोडून पत्रे विकले ते आता काय करतात, हे मला जाणून घ्यायचे आहे. पोस्टकार्डावर चार ओळी लिहून पाठवल्या तरी चालेल. नाव छापू नका म्हणालात तर छापणार नाही.