एका दिवसाची सहल

डोंगरावरील हवेचें नांव निघालें कीं आपल्याकडे महाबळेश्वर आणि माथेरान हींच काय तीं आठवतात. मुंबईकर माथेरानला सकाळीं जाऊन रात्रीं घरीं परततात. आम्हां बदनापूरकरांचें माथेरान म्हणजे म्हैसमाळ. बदनापुराहून छत्रपति संभाजीनगर सुमारें ४० किलोमीटर, आणि तेथून दौलताबाद, खुलताबाद या वाटेनें जवळजवळ तितकेंच अंतर पुढें. म्हैसमाळची उंची १०६७ मीटर, म्हणजे आमच्या गांवाहून पांचशेंवर मीटर अधिक. हजार मीटर चढल्यास हवा साधारण ६.५ अंशांनीं उतरते. या हिशेबानें येथें गारवा तीन-साडेतीन अंशांचाच. खरी मौज पावसाळ्यांतील वाऱ्याची व धुक्याची.

गेल्या श्रावणांत आमच्या घरची चौदा मंडळी निघाली. यादी अर्थातच पुरुषमंडळींनीं केली: देवगिरीचा किल्ला, वेरूळचीं ३४ लेणीं, घृष्णेश्वर, भद्रा मारुती आणि शेवटीं म्हैसमाळ! किल्ला निम्म्यावर सोडला. कैलास लेण्यापुढें उभे असतांनाही आमची नजर घड्याळावर होती. म्हैसमाळ गांठलें तेव्हां चार वाजून गेले होते. गिरिजादेवीचें दर्शन घेऊन मंडळी कड्याकडे धांवली. थोरल्या वहिनी मात्र देवळाच्या आडोशाला पदर डोक्याखालीं घेऊन निजल्या.

आम्हीं थट्टेनें म्हटलें, "वहिनी, एवढ्या दूर झोंप काढावयास आलांत होय?"

त्या उठून बसल्या व शांतपणें म्हणाल्या, "भावोजी, या घरांत आल्यापासून दिवसा डोळा लागला तो आजच. येथें कोणी हांक मारीत नाहीं."

तेव्हां कोठें आमच्या ध्यानांत आलें. चौदा जणांच्या दशम्या, चटणी आणि दहीभात बांधण्यासाठीं वहिनी पहाटे तीनलाच उठल्या होत्या. आमची सहल झाली. त्यांची चूल तेवढी आमच्याबरोबर डोंगर चढली!

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच: एका दिवसांत एकच स्थळ पाहावें. वेरूळलाच जावयाचें असेल तर तो दिवस वेरूळचा. मात्र लेणीं मंगळवारीं बंद असतात हें विसरूं नये. शिदोरी आदल्या रात्रीं सर्वांनीं मिळून बांधावी, नाहींतर वाटेवरच्या खाणावळींत जेवावें. आणि यादी करण्याचा मान घरांत सर्वांआधीं उठणारीस द्यावा.

यंदा आम्हीं कागद वहिनींपुढें ठेविला. त्यांनीं एकच नांव लिहिलें: म्हैसमाळ. धुकें पाहावयाचें राहिलें आहे, म्हणाल्या.