वर्गणीचा कॅमेरा

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी बोलायला घरी आजी होती म्हणून बोलता येतं, लिहायला फारसं कुणी सांगितलं नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं काय ते संपादक मंडळाने बघून घ्यावं.

तर विषय कॅमेऱ्याचा. आपल्या हॉस्टेलच्या ट्रेक ग्रुपने कॅमेऱ्यासाठी वर्गणी काढलीये हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे (ज्यांनी अजून दिली नाही त्यांना तर जास्तच!). माणशी सातशे रुपये. सातशे म्हणजे काही फार नाही असं थर्ड इयर-फायनल इयरवाल्यांना वाटेल, पण फर्स्ट इयरच्या दोघी-तिघींनी महिनाभर नाइट कॅन्टीनची पायरी न चढता ते दिलेत, हे मला माहीत आहे. पैसे जमले आणि लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते, सेकंड हँड डीएसएलआर घ्या, सोबत १८-५५ची किट लेन्स. दुसरी म्हणते, पाण्यात बुडाला, हातातून पडला तरी चालणारा, खिशात मावणारा मजबूत कॉम्पॅक्ट घ्या. दोन्ही घेण्याएवढे पैसे नाहीत. मिड-सेमनंतर मत घ्यायचं ठरलंय, त्याआधी मला माझं म्हणणं मांडायचंय.

आधी डीएसएलआरची बाजू. कारण ती खरी आहे, आणि तिच्या बाजूने बोलणारे सगळे माझे मित्रच आहेत.

निकॉनच्या डी३५०० सारख्या सुरुवातीच्या डीएसएलआरमधला सेन्सर २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा असतो. ऑलिम्पसच्या टफ मालिकेत, म्हणजे आजच्या ओएम सिस्टिमच्या टीजी-७ मध्ये तो साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा. गुणाकार करा. पहिल्याचं क्षेत्रफळ दुसऱ्याच्या तेरा पट भरतं. अंगणात पाऊस पडत असताना परात ठेवली आणि वाटी ठेवली तर पाणी कशात जास्त साठेल, एवढा सोपा हिशोब आहे. प्रकाश कमी झाला की वाटीवाल्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसायला लागतात. गॅदरिंगच्या रात्री ओपन एअर थिएटरमध्ये पिवळ्या-जांभळ्या लाइटखाली नाच चालू असताना कॉम्पॅक्टने फोटो काढून बघा, मग कळेल.

पण इथे एक गंमत आहे, जी वादाच्या भरात कुणी सांगत नाही. सेन्सर मोठा असला तरी किट लेन्सचं तोंड लहान असतं. ती सुरू होते एफ/३.५ पासून, आणि टीजी-७ची लेन्स एफ/२ पासून. म्हणजे सेन्सरच्या एका चौरस मिलिमीटरवर कॉम्पॅक्टमध्ये तिप्पट प्रकाश पडतो. तेराला तीनने भागा, फायदा चार-सव्वाचार पटीवर आला. झूम पूर्ण ताणला की पुन्हा दहाच्या आसपास जातो, हेही खरं. थोडक्यात, डीएसएलआरचा खरा फायदा हवा असेल तर ५० एमएम एफ/१.८ सारखी वेगळी लेन्स लागते. म्हणजे पुन्हा वर्गणी!

शिवाय डीएसएलआर शिकवतो. अॅपर्चर, शटर, आयएसओ या तीन गोष्टींची ओढाताण हाताने चाके फिरवूनच डोक्यात बसते. बॅटरीचंही बघा, डी३५०० एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजणीप्रमाणे १५५० फोटो काढतो, टीजी-७ साधारण ३३०. (पण टीजी-७ पॉवर बँकेवर चार्ज होतो. डी३५००ला त्याचा स्वतःचा चार्जर आणि भिंतीतला सॉकेट लागतो. राजगडावर सॉकेट शोधून दाखवा.) आणि सेकंड हँड बाजारात आज डीएसएलआर स्वस्तात मिळतात, कारण कंपन्या मिररलेसकडे वळल्या. निकॉनने डी३५०० २०२२ साली बंदच केला. घेताना फक्त दोन गोष्टी विचारा. शटर किती वेळा पडलाय, आणि बरोबर जुनी लेन्स देत असतील तर तिच्यात स्वतःची मोटर आहे का. निकॉनच्या या स्वस्त बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. मोटर नसलेली लेन्स लावली तर आयुष्यभर हाताने फोकस करत बसा.

हे सगळं मान्य. स्वतःच्या पैशाने, स्वतःसाठी, फोटोग्राफी शिकायला कॅमेरा घेत असाल तर डोळे झाकून जुना डीएसएलआर घ्या, मी सोबत येते दुकानात. पण हा कॅमेरा कुणा एकाचा नाहीये. तो साठ-सत्तर जणांचा आहे, तो हॉस्टेलवर राहणार आहे, आणि त्याचं मुख्य काम जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आहे. वाद घालताना नेमकं हेच सगळे विसरतात.

आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय ते मी सांगायला नको. जुलैत हॉस्टेलवर जीन्स चार दिवस वाळत नाही आणि कपाटातल्या चामड्याच्या बुटांवर पांढरी बुरशी चढते. तीच बुरशी लेन्सवर चढते. दमट हवा, अंधार आणि बंद बॅग, तिला आणखी काही लागत नाही. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, मग ते काचेवरचा लेप खातात, आणि एकदा लेप खाल्ला की साफ करूनही डाग राहतो. उपाय नाहीत असं नाही. ड्राय कॅबिनेट असतं, ते आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवतं. नाहीतर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, पण ते वेळच्या वेळी बदलणारा माणूस पाहिजे. साठ-सत्तर जणांच्या वस्तूला असा माणूस कधी मिळालाय? एका डिपार्टमेंटच्या कपाटात मी स्वतः एक डीएसएलआर पाहिलाय. कुलूप, किल्ली एकाकडे, तो एक रजेवर. उघडला तेव्हा आत जाळी. चांगला कॅमेरा होता हो!

शिवाय सुरुवातीच्या डीएसएलआरला पाण्यापासून संरक्षण नसतं. डी३५०० काय, कॅननचा १५००डी काय, कुठेही रबरी सील नाहीत. वर किट लेन्स झूम करताना आत-बाहेर होते आणि दर वेळी बाहेरची दमट हवा आत ओढून घेते. सायकलच्या पंपासारखी!

आता मजबूत कॉम्पॅक्ट आतून कसा असतो ते बघा, मेकॅनिकलवाल्यांना आवडेल. लेन्स बाहेर येतच नाही. समोरच्या काचेतून आलेला प्रकाश प्रिझमने काटकोनात वळतो आणि झूमच्या काचा बॉडीच्या आतल्या आत वरखाली सरकतात. पेरिस्कोप म्हणा ना. बाहेर हलणारा भाग नाही, म्हणून पाणी आणि माती शिरायला फट नाही. उरली दोन झाकणं, एक बॅटरी-कार्डाचं आणि एक केबलचं. त्यांना कुकरच्या रिंगसारखी रबरी रिंग असते. ऑलिम्पसने २००६ साली असा पहिला कॅमेरा काढला, म्यू ७२० एसडब्ल्यू, तो तीन मीटर पाण्यात आणि दीड मीटरवरून पडून टिकायचा. २०२३ सालच्या टीजी-७चा कंपनीने दिलेला आकडा आहे पाण्यात १५ मीटर आणि पडण्याचा २.१ मीटर. पंधरा मीटर खोल आपल्यातलं कुणी जाणार नाही, फार तर तारकर्लीला स्नॉर्केलिंग करेल. पण जो पंधरा मीटरला टिकतो त्याला लोहगडच्या पायऱ्यांवरून वाहणारं पाणी म्हणजे काहीच नाही. (२.१ मीटर हा प्रयोगशाळेतला आकडा आहे, सह्याद्रीच्या कातळावरचा नाही. मुद्दाम आपटून बघू नये.)

सगळ्यात मोठा फरक मात्र आकड्यांतला नाही. पावसात डीएसएलआर कुठे असतो? प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी टॉवेलमध्ये, टॉवेल सॅकमध्ये, सॅकवर रेनकव्हर. तो बाहेर काढायला पाच मिनिटं लागतात, आणि तोपर्यंत ढग कोकणकड्यावरून निघून जातो. इंद्रवज्र बघितलेल्यांना विचारा. पाठीशी ऊन, समोर दरीत धुकं, त्यात आपली सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य, किती वेळ टिकतं? तिथे अडीचशे ग्रॅमचा कॅमेरा गळ्यात लोंबकळत असेल तरच फोटो निघेल. पावसाळ्यातली बारीकसारीक मजाही तशीच. टीजी-७ लेन्सपासून एक सेंटिमीटरवरच्या वस्तूवर फोकस करतो. बेडकाचा डोळा, सोनकीची पाकळी, खेकड्याचा डेंगा (बोट सांभाळून!). किट लेन्सने हे जमत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच असेल तर मोबाइल काय वाईट? हा प्रश्न अवघड आहे आणि मी तो टाळणार नाही. आजच्या बऱ्याच फोनमधला मुख्य सेन्सर टीजीच्या सेन्सरपेक्षा मोठा असतो, आणि संध्याकाळचा फोटो फोनमधला चांगलाच येतो. पण पावसात ओल्या बोटाने टचस्क्रीन चालवून बघा. आयपी६८ लिहिलेलं असलं तरी किती खोल आणि किती वेळ ते कंपनीच ठरवते, चाचणी स्वच्छ पाण्यात होते, आणि पाणी शिरून झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत बसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गडावर नेटवर्क शोधून शोधून फोनची बॅटरी आधीच अर्धी झालेली असते, आणि कुणाचा पाय मुरगळला तर ११२ला फोन त्याच बॅटरीवर करायचा असतो. घरच्यांना 'पोचलो' म्हणून कळवायचं असतं. वीस जणांच्या ट्रेकमध्ये फोटोंसाठी एक कॅमेरा असेल तर वीस फोन सॅकमध्ये बंद राहू शकतात. रेक्टर मॅडमना हा मुद्दा पटेल असं मला वाटतं.

आणि एक गोष्ट, जी कदाचित फक्त मलाच खटकते. ग्रुपमध्ये डीएसएलआर आला की तो एकाचा होतो. त्याच्या गळ्यात पट्टा, त्याच्याकडे लेन्स, 'दे ना जरा' म्हटलं की 'थांब, सेटिंग बिघडेल'. वाईट हेतूने नाही, त्याला खरंच काळजी असते. पण मग ट्रेकचे सगळे फोटो एकाच्याच नजरेतले, आणि त्यात तो स्वतः कुठेच नाही. फर्स्ट इयरच्या मुली तर मागायच्याच नाहीत. ज्यांनी महिनाभर चहा-मॅगी सोडून सातशे रुपये दिले त्यांनी कॅमेऱ्याला हातसुद्धा लावू नये? मजबूत कॉम्पॅक्ट कुणाच्याही हातात देता येतो. मेसच्या मावशींनी परवा विचारलं, 'आमचा सगळ्यांचा एक फोटो काढाल का गं?' काढूच, पण मला वाटतं एखादा फोटो मावशींनी आपला काढावा. त्यांच्या पिठाच्या हातात डीएसएलआर कोण देणार?

कॉम्पॅक्टही काही देवाघरून आलेला नाही. रिंगेवर वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला तरी पाणी आत जातं, म्हणून झाकण गडावर उघडायचं नाही, खोलीत, कोरड्या हाताने, पुसून उघडायचं. रबर जुनं होतं, रिंग वर्षातून एकदा बदलायला लागते, ते पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवा. पाण्यात तो तरंगत नाही, सरळ बुडतो, म्हणून तरंगणारा पट्टा घ्यावा. बाहेरून मागवणार असाल तर वॉरंटी इथे चालते का ते पैसे भरण्याआधी लेखी विचारा. टीजी-७ अमेरिकेत साधारण ५५० डॉलरला आला होता, म्हणजे स्वस्त वस्तू नाही. आणि गॅदरिंगचे फोटो त्याने चांगले येणार नाहीत. त्या एका रात्रीसाठी ज्यांच्याकडे स्वतःचा डीएसएलआर आहे त्यांना हात जोडू, नाहीतर भाड्याने आणू.

कॅमेरा कुणाच्या खोलीत राहणार नाही, मेसच्या ऑफिसात राहील. वहीत सही करून घ्यायचा, परत देताना कार्ड कॉमन रूमच्या पीसीवर रिकामं करायचं, ही अट मात्र कुठलाही कॅमेरा आला तरी हवी. मत मिड-सेम संपल्यावरच्या शनिवारी, रात्रीच्या जेवणानंतर. फर्स्ट इयरने यायचंच, आणि मागच्या बाकांवर बसायचं नाही.